कार्बन फायबरचं पॅडल मधेच मोडलंय, घरी नीट दुरुस्त होईल का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या पट्ट्यात आम्ही काही जण कयाक चालवतो. माझं पॅडल पूर्ण कार्बनचं, २१५ सेमी, मधे जोड असलेलं दोन तुकड्यांचं, वजन जेमतेम ७०० ग्रॅम. परवा ओहोटीच्या वेळी खडकात उतरताना ते फटीत अडकलं, बोटीचा भार त्याच्यावर आला, काडकन आवाज झाला आणि मधल्या जोडापासून वीतभर अंतरावर शाफ्ट, म्हणजे पॅडलचा दांडा, मोडला. पूर्ण सुटा झालेला नाही, एका बाजूचे धागे अजून धरून आहेत, दुसऱ्या बाजूला सगळे पिंजून बाहेर आलेत. दोन्ही ब्लेड धडधाकट आहेत.
नवीन मागवायचं तर बाहेरून येतं, ड्युटी आणि कुरियर धरून किंमत आवाक्याबाहेर जाते आणि वेळ लागतो तो वेगळाच. इथे मच्छीमारी होड्यांना फायबर मारणारे चांगले कारागीर आहेत, त्यातले एक म्हणाले तासाभरात पट्टी मारून देतो. पण ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात, ते कार्बनला चालतं का? आणि आतून काही घालायचं की बाहेरून नुसतं गुंडाळायचं? पाऊसही चालू आहे, थांबावं का? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळा_शीड:
मोडलेली फट एम-सीलने भरा, वरून फायबरची पट्टी घट्ट गुंडाळा, दोन दिवस ठेवून द्या. आमच्याकडे प्लास्टिकच्या पॅडलना हेच करतात आणि चालतं.

फायबरवाले_काका:
निळा_शीड, प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पॅडलला तात्पुरतं चालेल, कार्बनला नाही. का ते आधी सांगतो कारण ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. पिंपरी-चिंचवड भागात फायबर आणि कार्बनचे पार्ट बनवण्यातच माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

कार्बनच्या नळीत ताकद असते ती धाग्यात. एकेक धागा साधारण ७ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि असे हजारो धागे शाफ्टच्या लांबीने उभे धावतात. रेझिनचं काम त्यांना जागेवर धरून ठेवायचं आणि एका धाग्यावरचा भार शेजारच्याला द्यायचा, एवढंच. आता शाफ्ट मोडला म्हणजे ते उभे धागे तुटले. मोडलेल्या तोंडाला तोंड लावून मधे एम-सील भरा, फेविक्विक भरा नाहीतर जगातली सगळ्यात महाग एपॉक्सी भरा, तिथून एकही धागा पलीकडे जात नाही, त्यामुळे पहिल्या जोरदार स्ट्रोकला ते तिथेच उघडणार. म्हणून दुरुस्ती म्हणजे चिकटवणं नाही. तुटलेल्या जागेवरून नवे धागे अलीकडून पलीकडे न्यायचे आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या धाग्यांवर ते पुरेसे लांब चढवायचे, म्हणजे भार हळूहळू जुन्यातून नव्यात आणि परत जुन्यात जाईल. लांबी हीच इथे सगळी किमया आहे.

पॉलिएस्टरचं म्हणाल तर नको. होडीला ते छान चालतं कारण होडीच मुळात पॉलिएस्टरची असते. तुमचा शाफ्ट एपॉक्सीत बनलेला आहे आणि सेट झालेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, काही दिवसांत पापुद्रा सुटतो. उलटं मात्र चालतं, पॉलिएस्टरवर एपॉक्सी बसते. त्या कारागिरांचा हात चांगला असेल तर कापड बसवायला त्यांचीच मदत घ्या, फक्त रेझिन एपॉक्सी द्या. आणि कोणी पॉलिएस्टर वापरणारच असेल तर एक जिवाची गोष्ट: कोबाल्ट (सेट व्हायला वेग देणारं) आणि एमईकेपी हार्डनर (सेट करणारं) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा लावा.

आता तुमच्या शाफ्टचं. पहिलं काम मीठ काढायचं. तुटलेल्या तोंडातून समुद्राचं पाणी आत गेलेलं असणार, ते वाळलं की मिठाचे कण धाग्यांत बसतात आणि तिथे रेझिन धरत नाही. नळाच्या गोड्या पाण्याने आतून बाहेरून खळखळून धुवा, मग कोरडं होऊ द्या. पावसाळ्यात नुसतं खोलीत ठेवून वाळत नाही, साध्या पिवळ्या बल्बच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवा. हीट गन नको, जुनं रेझिन मऊ पडेल.

दुसरं, नुकसान दिसतं त्याच्यापेक्षा लांब गेलेलं असतं. काचेच्या फायबरमधे मार लागला की पांढरा डाग पडतो, कार्बन काळा असल्याने काहीच दिसत नाही. एक रुपयाचं नाणं घ्या आणि शाफ्टवर बोटभर बोटभर अंतराने टिचकी मारत जा. चांगल्या भागात टणक, स्वच्छ आवाज येतो, आत थर सुटलेले असतील तिथे बद्द आवाज येतो. तिथे पांढऱ्या खडूने खूण करा. मग दोन बोटांत दाबून बघा, करकर ऐकू आली तर तोही भाग मेलेला धरा. जिथे आवाज स्वच्छ होतो तिथपर्यंत दोन्ही बाजूंनी बारीक दात्याच्या हॅकसॉ ब्लेडने सरळ कापून टाका. कापण्याआधी जागेवर टेप गुंडाळा म्हणजे धागे पिंजत नाहीत. दीड-दोन सेमी लांबी गेली तर जाऊ द्या, २१५ चं २१३ झालं तर हाताला कळणारही नाही.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, वीज गेली आहे आणि फोनची बॅटरी संपत आली.

खाडीकाठ:
काका, खूप आभार. नाण्याची टिचकी आत्ताच मारून बघितली. जिथे मोड दिसतोय त्याच्यापासून जोडाकडच्या बाजूला जवळजवळ चार बोटं बद्द आवाज येतोय! वरून अजिबात काही दिसत नाहीये. वाट बघतो पुढच्याची.

वल्हेकरी_मुळाकाठ:
धागा चांगला निघालाय. मी रोइंगवाला, पुण्याचा. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा, बोट क्लब १९२८ पासून मुळेवर आहे आणि तिकडे लाकडी वल्ह्यांचा काळ पाहिलेले जुने लोक अजून भेटतात, ते सांगतात लाकडी वल्हं तुटायच्या आधी कुरकुरायचं, वाकायचं, आठवडाभर आधी सांगायचं. कार्बन काहीच सांगत नाही. चाललंय चाललंय आणि एकदम दोन तुकडे. म्हणून दुरुस्त केलेल्या कार्बनवर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही हे माझं ठाम मत आहे.
रोइंगमधे वल्हं सहसा कॉलरच्या जवळ मोडतं, म्हणजे जिथे ते बोटीबाहेर काढलेल्या आधाराच्या (रिगरच्या) खाचेत बसतं, कारण सगळा वाक तिथेच सगळ्यात जास्त. तिथली दुरुस्ती मी सरावाच्या वल्ह्यांना करतो, रेसच्या नाही. दोन वल्ह्यांचा वाक सारखा नसेल तर सिंगल स्कलमधे (एकच माणूस, दोन हातांत दोन वल्ही) बोट एका बाजूला ओढते, आणि २००० मीटरमधे ते फार महागात पडतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधे सिंगल स्कलमधे तेरावा आला, त्या पातळीवर वल्ह्याच्या वाकातला थोडा फरकही चालत नाही. नवशिक्यांच्या बोटीला मात्र दुरुस्त केलेलं वल्हं छान चालतं आणि क्लबचे पैसे वाचतात.
माझी पद्धत बाहेरून गुंडाळायची, आत काही घालत नाही, वजन वाढतं.

फायबरवाले_काका:
वल्हेकरी, आतल्या नळीबद्दल मी तुमच्याशी असहमत, पण कारण सांगतो. तुमचं वल्हं जाड असतं, आत हात घालता येत नाही आणि बाहेर जागा भरपूर असते, तिथे बाहेरून बरोबर आहे. धागा मध्यापासून जितका बाहेर तितका तो वाकायला जास्त विरोध करतो, म्हणून बाहेरचा थर नेहमीच जास्त काम करतो यात वाद नाही. पण कयाकचा शाफ्ट ३० मिमीचा, भिंत एक-सव्वा मिमी, आणि हाताच्या पकडीजवळ बाहेरून फार जाड करता येत नाही, मनगट दुखतं. शिवाय बाहेरून गुंडाळताना दोन तुकडे सरळ रेषेत धरून ठेवायला आत काहीतरी हवंच. म्हणून आत पातळ नळी आणि बाहेर पातळ थर, दोन्ही.

आतली नळी कशाची? जुन्या मोडक्या पॅडलचा किंवा मासेमारीच्या गळाच्या कार्बन काठीचा तुकडा बरोबर मापाचा मिळाला तर नशीब. नाहीतर स्वतः बनवायची. आतल्या व्यासापेक्षा बारीक पीव्हीसी पाइप घ्या, त्याच्यावर ओएचपीची जुनी प्लास्टिक शीट एक वेढा गुंडाळा, तिला एपॉक्सी चिकटत नाही, आणि वर कार्बनचं कापड रेझिनमधे भिजवून वेढे देत जा. बाहेरचा व्यास शाफ्टच्या आतल्या व्यासापेक्षा कागदाच्या जाडीएवढा कमी राहिला पाहिजे, चिकटवायच्या रेझिनला जागा लागते. सेट झाल्यावर पाइप ओढून काढा. लांबी प्रत्येक बाजूला व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ३० मिमीला ९ ते १० सेमी. आणि हे बघा, हे लोक विसरतात: आतल्या नळीची दोन्ही टोकं सरळ कापलेली ठेवायची नाहीत. टोकं घासून निमुळती करा किंवा त्यांना त्रिकोणी दाते कापा. सरळ टोक ठेवलं तर तिथे एकदम कडक आणि एकदम मऊ असा फरक होतो, आणि पुढचा मोड नेमका त्या टोकावर येतो.

अ‍ॅल्युमिनियमची नळी घालू का असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच नाही म्हणतो. खाऱ्या पाण्यात कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सडतं. उन्हात अ‍ॅल्युमिनियम फुगतं, कार्बन जवळजवळ फुगतच नाही, त्यानेही सांधा सुटतो.

बाहेरचं काम. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंना उतार घासायचा. भिंतीच्या जाडीच्या किमान २० पट लांब, म्हणजे सव्वा मिमीला अडीच सेमी, मी चार सेमी घेतो. घासून झालं की स्वच्छ पांढऱ्या फडक्याला अ‍ॅसिटोन लावून एकाच दिशेने पुसायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. आता आधी उभ्या धाग्यांच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने, पहिली आखूड, पुढची जरा लांब, तिच्यापुढची आणखी लांब. त्यावर तिरकस धाग्यांची विणलेली कार्बनची जाळी मिळते ती चढवा. ती ढकलली की रुंद होते आणि ओढली की आवळते, त्यामुळे शाफ्टवर गच्च बसते. ती मिळाली नाही तर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) साधं ट्विल विणीचं कार्बन कापड ताण्या-बाण्याच्या तिरक्या दिशेने, ४५ अंशात कापून गुंडाळा. उभे धागे वाक सोसायला, तिरके पीळ सोसायला. पॅडल पाण्यात पिळलंही जातं, तेव्हा दोन्ही लागतातच.

मग दाब. व्हॅक्यूम पंप नको. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून बोटभर रुंद पट्टी करा. भिजलेल्या कापडावर आधी ओएचपी शीट किंवा स्वच्छ प्लास्टिक, त्याला टाचणीने भरपूर भोकं पाडलेली, आणि वर ती रबराची पट्टी ताणून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे अर्धी अर्धी चढवत जा. जास्तीचं रेझिन भोकांतून घामासारखं बाहेर येतं. तेच हवंय. चमकदार जाड रेझिन दिसायला छान पण ते नुसतं वजन.

मावळती_लाट:
वाचनखूण साठवली. काका, रेझिन नेमकं कुठलं ते राहिलं. ऑनलाइन पाच मिनिटांत सेट होणारं मिळतं ते चालेल का?

फायबरवाले_काका:
पाच मिनिटांचं नको. त्याची ताकद कमी, उन्हात लवकर मऊ पडतं आणि पाण्यात हळूहळू सैल पडतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दोन जोड्या म्हणजे लॅपॉक्स एल-१२ ला के-६ हार्डनर, आणि अराल्डाइट एलवाय ५५६ ला एचवाय ९५१. दोन्हींना वजनाने १०० ला साधारण १० असं प्रमाण, डब्यासोबतचा कागद बघून घ्या. वजनाने म्हणजे वजनानेच, झाकणाने किंवा चमच्याने मोजायचं नाही.
इथे एक बारकी गोष्ट आहे. शाफ्टला २० ग्रॅम रेझिन पुरतं, म्हणजे हार्डनर फक्त २ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पायरीने मोजतो, म्हणजे हार्डनर दीडपट किंवा अर्धा पडू शकतो आणि काम कायमचं चिकट राहतं. सोन्याचांदीसाठी मिळतो तो ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या, स्वस्तात येतो. आणि जास्त हार्डनर घातला की लवकर सेट होईल हा समज पॉलिएस्टरवाल्यांकडून आलाय. एपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच पडून राहतो आणि सांधा मऊ करतो.
ढवळताना तळ आणि कडा खरवडत तीन मिनिटं. मग लगेच पसरट ताटलीत ओता. कपात खोल राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो, कप वितळतो.

डॉ_अनघा:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कयाक चालवत नाही, पण नवऱ्यामुळे हा धागा वाचतेय. एपॉक्सीचा हार्डनर हा त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं ठळक कारण आहे. पहिल्यांदा काही होत नाही, म्हणून लोक हातमोजे घालत नाहीत, आणि एकदा शरीराने ओळख धरली की पुढे आयुष्यभर थोडासा वास किंवा थेंबही पुरळ, सूज, डोळे लाल यासाठी पुरतो. ती मागे फिरत नाही. नायट्रिलचे हातमोजे घाला, पातळ लेटेक्सचे पुरत नाहीत. हाताला लागलं तर अ‍ॅसिटोन किंवा थिनरने अजिबात पुसू नका, ते रेझिन पातळ करून कातडीच्या आत नेतं. साबण आणि पाणी, लगेच.
कार्बन घासताना एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. पाणी लावून घासलं तर धूळ उडतच नाही, ते सगळ्यात चांगलं. अंग खाजलं तर चोळू नका, गार पाण्याने धुवा.

फायबरवाले_काका:
डॉक्टर, अगदी मोलाचं लिहिलंत. त्यात एक भर: कार्बनची धूळ वीज वाहून नेते. कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर असलेल्या खोलीत कोरडं घासलं तर आतल्या सर्किटवर धूळ बसून शॉर्ट होतं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, मोटर जाईल. अंगणात, पाणी लावून.

मोरजीचा_वारा:
विजेवरून आठवलं ते आधी लिहितो कारण हे कोणी सांगत नाही. मी गोव्यात मोरजीला काइट आणि विंडसर्फिंग करतो. कार्बनचा मास्ट, म्हणजे शीड धरणारी काठी, वीज वाहतो. किनाऱ्याच्या गल्ल्यांमधे तारा खाली लोंबतात, चार-साडेचार मीटरचा मास्ट खांद्यावर उभा धरून चालू नका. तो आडवा, जमिनीला समांतर धरूनच न्यायचा. पावसाळी ढगात गडगडाट सुरू झाला तरी पाण्यातून बाहेर या.
मास्टच्या दुरुस्तीबद्दल: पॅडलपेक्षा अवघड. शिडाचा आकार मास्टच्या ठरावीक वाकावर बेतलेला असतो, मधे दुरुस्ती करून तेवढाच भाग कडक झाला तर शीड तिथे सपाट बसत नाही, सुरकुती पडते. बुमच्या (हाताने धरायच्या आडव्या दांड्याच्या) उंचीला मोडला असेल तर मी सरळ सांगतो, तो मास्ट सोडा. मोडका अर्धा फेकू नका मात्र, काकांनी सांगितलेल्या आतल्या नळ्या त्यातून निघतात. खालच्या टोकाला उभी चीर गेली असेल तर ती बाहेरून तिरक्या जाळीने बांधली की पुष्कळ चालतो.
आणि हायड्रोफॉइलचा (बोर्ड पाण्यावर उचलणाऱ्या, पाण्याखालच्या पंखाचा) मास्ट किंवा पंख यांना घरी हात लावू नये. वेगात असताना मोडला तर माणूस धारदार कडेवर पडतो.

मीनल_ऑकलंड:
इकडे ऑकलंडमधून. माझ्याकडे सर्फ स्की (लाटांत चालवायची लांब, अरुंद, वर बसायची कयाक) आहे, तिचा बुडाकडचा भाग काळ्या-पिवळ्या कापडाचा, म्हणजे कार्बन आणि केवलार (पिवळा, फार चिवट धागा) एकत्र विणलेलं. खडकाला घासून तळहाताएवढा भाग पिचला होता. एक इशारा द्यायचाय: केवलार कधी घासायला जाऊ नका. कार्बन घासला की भुकटी होते, केवलारचे धागे तुटत नाहीत, नुसते फुलून कापसासारखे उभे राहतात आणि मग काही केल्या गुळगुळीत होत नाहीत. तिथे पिवळ्या धाग्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबायचं आणि वर पातळ काचेच्या कापडाचा एक थर द्यायचा, म्हणजे पुढे घासायचं ते काचेवर.
दुसरं म्हणजे आत फोम असेल तर तो वाळवणं हेच खरं काम. मी बोट उलटी करून, तडा गेलेला भाग खाली ठेवून, छोट्या पंख्यासमोर ठेवली आणि रोज वजन करून बघितलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच काम सुरू केलं. आणि आतला फोम पांढरा थर्माकोलच्या जातीचा असेल तर पॉलिएस्टर लावलं की तो विरघळून खड्डा पडतो. तिथे एपॉक्सीच.

नाशिकची_सकाळ:
काका, तुम्ही पावसाचं उत्तर दिलं नाहीत. आणि आमच्याकडे गंगापूर धरणाकडे डिसेंबरात पहाटे ८-१० अंश असतं, तेव्हा काय?

फायबरवाले_काका:
बरोबर, राहिलं. थंडी आणि दमट हवा हे दोन वेगळे शत्रू. थंडीत एपॉक्सी मेलेली नसते, झोपलेली असते, तापमान १० अंशांनी वाढलं की सेट व्हायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणून नाशिकला थर्माकोलच्या खोक्यात एक पिवळा बल्ब आणि एक थर्मामीटर, ३० अंश धरा, काम झालं.
दमट हवा जास्त त्रास देते. के-६ सारखा हार्डनर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून पृष्ठभागावर तेलकट मेणचट थर आणतो. त्यावर पुढचा थर किंवा वार्निश बसत नाही. तो थर अ‍ॅसिटोनने जात नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साध्या पाण्याने खरबरीत घासणीने धुवायचं, वाळवायचं आणि मग पॉलिश पेपर. ओएचपी शीट वरून घातलेली असेल तर हा त्रास बराचसा होतच नाही, कारण हवा लागत नाही. पाऊस चालू असताना दार-खिडकी बंद करून, बल्बच्या उबेत करा. बाहेर धो धो चालू आणि तुम्ही पडवीत बसून कापड भिजवताय, हे मात्र नको.
एक दिवसात हाताळता येतं, पूर्ण ताकद यायला आठवडा. शेवटी त्याच खोक्यात ५० अंशांवर पाच-सहा तास ठेवलं तर फार फरक पडतो. साध्या तापमानाला सेट झालेली एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते आणि मे महिन्यात बंद गाडीत किंवा टपावर बांधलेला काळा शाफ्ट सहज तिथपर्यंत तापतो. दुरुस्त केलेलं पॅडल उन्हात टाकायचं नाही, पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा.

खाडीकाठ:
मंडळी, काम झालं. आतली नळी पीव्हीसीवर बनवली, टोकांना दाते कापले, चिकटवताना रेझिनमधे एरोसिल (रेझिन दाट करणारी सिलिकाची बारीक पावडर) घालून घट्ट केलं म्हणजे ते आत ओघळलं नाही. दोन्ही तुकडे सरळ राहावेत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या लांब अँगलमधे ठेवून टेपने बांधले. बाहेरून आमचे होडीवाले कारागीरच आले, कापड बसवायला त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, ट्यूबची पट्टी त्यांनी इतकी सारखी ओढली की उलगडल्यावर वर एक सुरकुती नव्हती. वजन आधीपेक्षा ४० ग्रॅमच्या आतच वाढलंय.
फक्त एका कडेला नखाएवढ्या जागेत नाण्याचा आवाज बद्द येतोय. हवा राहिली असावी. परत सगळं काढायचं का? आणि पाण्यात नेण्याआधी घरी चाचणी कशी घ्यायची?

फायबरवाले_काका:
काढू नका. नखाएवढी जागा, आणि तीही कडेला, तर तिथे १ मिमीची दोन भोकं, एक या टोकाला एक त्या टोकाला. इंजेक्शनच्या सिरिंजने एका भोकातून पातळ रेझिन सोडा, दुसऱ्यातून बाहेर आलं की दोन्ही टेपने बंद. बल्बखाली ठेवा, पातळ होऊन आत नीट शिरेल. मोठी जागा असती, किंवा मोडावरच असती, तर मात्र मी काढायलाच सांगितलं असतं.

चाचणी अशी. दोन मजबूत टेबलांमधे एक मीटर अंतर ठेवा, कडांवर जाड घडी केलेले टॉवेल, शाफ्ट त्यावर आडवा, दुरुस्ती बरोबर मधे. मधे रुंद पट्टा अडकवा, दोरी नको, दोरी एका रेषेत दाबून भिंत चेपते. पट्ट्याला २० लिटरचा पाण्याचा कॅन रिकामा लटकवा आणि मगाने हळूहळू भरा. भरला की दुसरा. दोन्ही भरले म्हणजे ४० किलो, आणि एक मीटरच्या अंतरावर ते साधारण १०० न्यूटन-मीटरचा वाक देतात, जोर लावून मारलेल्या स्ट्रोकला पकडीपाशी येतो त्याच घरातला. कान जवळ ठेवा, पण तोंड शाफ्टच्या रेषेत नको आणि पाय कॅनखाली नको. एखादी टिक ऐकू आली तरी थांबा. काही आवाज नाही आला तर शाफ्ट पाव वेढा फिरवून परत तेच, कारण मोड एका बाजूचा होता. झाल्यावर पुन्हा नाण्याने तपासा, आधी स्वच्छ होता तो आवाज बदललाय का बघा.

वल्हेकरी_मुळाकाठ:
ही चाचणी आमच्या क्लबच्या वल्ह्यांना लावतो आता, फक्त वाक किती पडतो तेही दोऱ्याने मोजून जोडीच्या वल्ह्याशी ताडून बघेन. खाडीकाठ, पास झालं तरी पहिले काही आठवडे किनाऱ्याच्या आत, खाडीतच, आणि बोटीत एक साधं जोडपॅडल, म्हणजे जादाचं पॅडल, बांधलेलं असू द्या. देवबागच्या तोंडाशी ओहोटीचा ओढा जबरदस्त असतो, तिथे पॅडल गेलं तर माणूस सरळ समुद्रात.

खाडीकाठ:
जोडपॅडल आम्ही नेतोच, ग्रुपमधे दर दोन बोटींना एक असा नियम आहे. सिरिंजने रेझिन भरलं, आवाज आता स्वच्छ. कॅनची चाचणी दोन्ही बाजूंनी झाली, एकही टिक नाही. वरून वार्निश कुठलं मारू, की असंच ठेवू?

फायबरवाले_काका:
असंच ठेवू नका, एपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि मग खडूसारखी सुटायला लागते, त्यानंतर खालचे धागे उघडे पडतात. पाण्याने धुऊन, ३२० च्या वॉटर पेपरने फक्त चमक मोडा. काळं पाणी यायला लागलं म्हणजे धाग्याला लागलात, तिथे थांबायचं. मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो तो दोन डब्यांचा पीयू क्लिअर (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वार्निश), दोन पातळ हात, मधे दुकानदार सांगेल तेवढा वेळ. तो मारताना मास्क साध्या कापडाचा चालत नाही, रंगकाम करणारे लावतात तो कार्ट्रिजवाला, आणि उघड्यावर. पकडीच्या जागी मात्र मॅट ठेवा, ओल्या हाताला चकचकीत शाफ्ट निसटतो.

मावळती_लाट:
काका, पीयूच्या आधी दुरुस्तीची जागा आणि तारीख पांढऱ्या मार्करने शाफ्टवर लिहून ठेवली तर? पुढे दुसऱ्या कोणाच्या हातात पॅडल गेलं तर त्याला कळेल.

फायबरवाले_काका:
लिहाच. आम्ही कारखान्यात प्रत्येक दुरुस्त पार्टवर लिहायचो. सोबत रेझिनचं नावही लिहा, पुढच्या माणसाला त्यावर काय चिकटेल ते कळतं.

खाडीकाठ:
लिहिलं: जागा, तारीख, लॅपॉक्स एल-१२/के-६. पहिला हात मारून झालाय, दुसरा उद्या सकाळी. कारागिरांना उरलेलं कार्बनचं कापड दिलं, त्यांना एका होडीच्या सुकाणूच्या दांड्याला ते वापरून बघायचंय. त्यांचा प्रश्न आहे की लाकडी दांड्यावर कार्बन थेट चढवलं तर चालेल का, की आधी लाकडाला पातळ एपॉक्सी पाजायची?

फायबरवाले_काका:
आधी पाजायची. लाकूड रेझिन पितं, आणि न पाजता कापड चढवलं तर ते कापडातलंच रेझिन ओढून घेतं, धागे कोरडे राहतात. लाकूड पूर्ण सुकं हवं, पहिला हात पातळ, तो चिकचिकीत असतानाच कापड. दांड्याला खिळा किंवा लोखंडी बोल्ट असेल तर त्याच्याभोवती काचेच्या कापडाचा एक थर आधी द्या, कार्बन लोखंडाला टेकता कामा नये.